दुसरं बिस्किट

मी एक कॅरॅव्हॅन बोलतेय. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं, दोन चाकांवरचं घर. आमच्या हॉलंडात लोक आम्हाला चेष्टेनं 'ओढायची झोपडी' म्हणतात. म्हणू देत, त्याचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं, ते सांगायला बसलेय.

जन्म कारखान्यातला, पण माणसं मला पहिल्यांदा नीट दिसली ती जर्मनीतल्या डसेलडॉर्फच्या प्रदर्शनात. ऑगस्ट संपता संपता तिथं आमचा मोठा बाजार भरतो. मला गालिच्यावर उभं करून आत प्लास्टिकची लिंबं आणि फुगीर उशा मांडल्या होत्या. लोक बूट काढून आत यायचे, उशा कुरवाळायचे, "किती गोड!" म्हणायचे आणि पुढच्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन तेच म्हणायचे.

विब्रेन तसा नव्हता. झ्वॉलमध्ये नदीवरचा पूल उघडायची-मिटायची नोकरी करणारा उंच, हाडकुळा माणूस. सोबत बायको आल्चे, खिशात टेप, पिशवीत घरून आणलेले चीज घातलेले पाव. आत आला तो लिंबांकडे न बघता थेट पलंगावर आडवा झाला.

"आल्चे, तू भिंतीच्या बाजूला झोप. आता समज, तुला बाथरूमला जायचंय. मला न तुडवता ऊठ बघू."

"तुला तुडवायला मला बाथरूमचं निमित्त कशाला हवंय?" आल्चे म्हणाली.

मग स्वतः संडासात बसून त्यानं दार लावून पाहिलं. गुडघे दाराला टेकतात का ते बघायला. प्रत्येक कपाट उघडून आत नाक खुपसलं. चारही कोपरे अंगठ्यानं दाबले. विक्रेता हसून म्हणाला, "अहो, नवीकोरी आहे ती! या, कॉफी घ्या."

"विकणाऱ्याची कॉफी मी पीत नाही," विब्रेन म्हणाला. "कॉफीच्या वासात बुरशीचा वास मरतो. तुम्ही एवढंच सांगा, बाजूला जोडायचा तंबू, जास्तीची बॅटरी, सायकलींचा स्टँड, हे सगळं धरून हिचं वजन किती होतं? माझी गाडी तेवढं ओढेल का?"

विक्रेत्याचं हसू मावळलं आणि तो कागद शोधायला लागला. त्या दिवशी ते दोघं काहीच न घेता गेले. शेवटच्या दिवशी, लोक आवराआवर करायला लागल्यावर परत आले आणि मला घेऊन गेले. मला इतकं पारखून घेणारा माणूस मला जपणारही, असं मी धरून चालले. सोळा वर्षं ते खरंही होतं.

दरवर्षी प्रदर्शनाला आम्ही तिघं मिळून जायचो. बाजूच्या मैदानात शेकडो कॅरॅव्हॅन उतरतात. दिवसा माणसं खरेदीला जातात, संध्याकाळी खुर्च्या टाकून कोणी काय घेतलं ते एकमेकांना दाखवतात. आमच्या दारात जास्त गर्दी, कारण विब्रेनचा वर्ग भरायचा. "पहिल्या दिवशी पाकीट घरी ठेवा. बाजूला जोडायचा तंबू घेताना कॅरॅव्हॅनची लांबी सांगू नका, जमिनीपासून छतावरून परत जमिनीपर्यंत टेप फिरवा आणि तो आकडा सांगा. आणि भिंत दाबा, भिंत! मऊ लागली तर आत ओल आहे." लोक माना डोलवायचे. आल्चे कॉफी द्यायची, पत्र्याचा डबा पुढं करायची, प्रत्येकानं एक बिस्किट उचललं की झाकण टक्कन बंद. एका कपाला एक बिस्किट. आमच्याकडे रीतच आहे ती. सोळा वर्षांत त्या डब्यातून कुणाला दुसरं बिस्किट मिळालेलं मी पाहिलं नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही.

पण शहाण्या माणसाचीही कधीतरी मती फिरते. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी त्याला छतात बसवायचा पंखा स्वस्तात मिळाला. मैदानातच त्यानं माझ्या छताला भोक पाडलं.

"ते भोकाच्या कडेनं भरलेलं सीलंट नीट वाळू दे रे. पाऊस येईल," आल्चे म्हणाली.

"मला शिकवू नकोस. सगळा बाजार माझ्याकडून शिकतो."

पाऊस आला. पाणी छतातून उतरत पलंगाजवळच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

पुढच्या प्रदर्शनात आमच्या शेजारी एक छोटा तंबू लागला. योरिंदे, वृद्धाश्रमात नर्स, आणि तिची सात वर्षांची मुलगी फेना. फेनाला दमा होता. "डॉक्टर म्हणतात, समुद्राची हवा तिला मानवेल," योरिंदे म्हणाली. "तंबूत ओल लागते. जुनी का होईना, कॅरॅव्हॅन बघतेय." तिनं वहीत विब्रेनचा शब्द न् शब्द टिपून घेतला. फेनाचीही शिकवणी झाली. विब्रेननं तिचा इवलासा अंगठा धरून माझ्या दारालगतच्या भिंतीवर टेकवला. "कडक लागली ना? म्हणजे तब्येत चांगली."

तेव्हाच आल्चेचे गुडघे दुखायला लागले होते. त्या दोघांनी प्रदर्शनात बुटक्या पलंगाची नवी कॅरॅव्हॅन ठरवली. मी बाहेर मैदानात उभी, आणि आत ते दुसरीचे कोपरे दाबत होते! परत आले तेव्हा हातात तिची चित्रं होती. माझ्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं. विब्रेन योरिंदेला म्हणाला, "वसंतात ये. हीच तुला देतो."

वसंतात मला धुतापुसताना त्याचा अंगठा मागच्या कोपऱ्यात गेला. खरोखरच आत गेला. मला वाटलं, आता हा हत्यारं आणेल, तो कोपरा कापून काढेल, मला बरी करेल. त्यानं हत्यारं आणली नाहीत. वरून पातळ नवा कागद चिकटवला आणि त्यावर प्रदर्शनात फुकट मिळालेलं कॅलेंडर टांगलं. मला तेव्हा एवढी लाज वाटली, की चाकं असूनही पळता येत नाही याचा राग आला.

योरिंदे फेनाला घेऊन आली, तेव्हा स्टोव्हवर कॉफी उकळत होती. कपाटांची दारं उघडी, सगळीकडे कॉफीचा घमघमाट. योरिंदेनं पलंगावर आडवं होऊन पाहिलं, संडासाचं दार लावून पाहिलं. मग अंगठा वर करून मागच्या कोपऱ्याकडे वळली.

दाब! मी मनात ओरडले. दाब, बाई!

"बस की गं, कॉफी निवतेय," विब्रेन म्हणाला आणि तिच्यापुढं डबा धरला. तिनं एक बिस्किट घेतलं. डबा तिथंच राहिला. "घे, अजून एक घे."

दारात उभ्या असलेल्या आल्चेनं आधी डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग कॅलेंडरकडे. तिला सगळं कळलं. "विब्रेन, तू तिला सगळं सांगितलंस ना?"

"सांगण्यासारखं काय आहे? व्यवस्थित आहे सगळं."

आल्चे गप्प बसली. तिचं ते गप्प बसणंही मी विसरलेले नाही.

योरिंदेचे डोळे पाणावले होते. "दोन बिस्किटं! माझी सासूसुद्धा देत नव्हती." तिनं वर केलेला अंगठा खाली घेतला. "विब्रेन, तुमची भिंत मी काय दाबायची? दाबायला तर तुम्हीच शिकवलंत."

त्यानं कपात डोकं घातलं. 'तरीही दाब' एवढं तरी त्याला बोलता आलं असतं.

आता मी झेलँडमध्ये, वाळूच्या टेकड्यांमागं उभी आहे. समुद्र ऐकू येतो. फेनाची उशी मागच्या कोपऱ्यालाच होती. सकाळी उठली की ती खोकायची, दुपारी झोपून उठली की जास्तच. "हवा अंगाला लागायला वेळ लागतो," योरिंदे शेजाऱ्यांना सांगायची. "कॅरॅव्हॅन बघाल तर एकदम निर्धास्त. ओळखीच्या माणसाची आहे." मी त्या पोरीला छप्पर द्यायचं, तर मीच तिच्या छातीवर बसले होते.

गेल्या मंगळवारी बाहेर पाऊस, म्हणून फेना आत विब्रेन-विब्रेन खेळत होती. "पाकीट घरी ठेवा! भिंत दाबा!" असं ओरडत ती एकेक कोपरा दाबत आली. कॅलेंडर बाजूला सरकवलं.

"आई, इथं भिंत मऊ आहे. माझा अंगठा आत गेला."

योरिंदे आली. तिनं दाबलं, कागद फाडला, आतलं काळं पाहिलं, नाक जवळ नेलं. मग पलंगाच्या कडेवर बसली.

"दुसरं बिस्किट दिलं होतं त्यानं," एवढंच म्हणाली. "तेव्हाच कळायला हवं होतं."

त्या दिवसापासून त्या दोघी शेजाऱ्यांनी दिलेल्या तंबूत झोपतात. मला दुरुस्त करणं योरिंदेला झेपणारं नाही. मला ठेवून घेणंही झेपणारं नाही. दाराच्या काचेवर तिनं 'विकणे आहे' असं लिहून लावलंय, आणि खाली काय लिहावं यावर पेन धरून ती दोनदा थांबली आणि दोनदा निघून गेली. तंबूत राहायला जाण्याआधी फेनानं भिंतीतल्या भोकावर कॅलेंडर परत टांगलं होतं. "तिला थंडी वाजेल," म्हणाली.

मी तिला काय बोलणार? पण तुम्ही मला बघायला आलात, तर कुणी कितीही प्रेमानं बोलो, कॉफी नंतर घ्या. आधी ते कॅलेंडर काढा.