चौथी टाचणी

"आज रविवार आहे, बाबा. ऑफिसला कुलूप असेल."

"ऑफिसला असेल. सूचनाफलक बाहेर आहे." त्यांनी टाचण्यांची डबी खिशात टाकली.

नगरपरिषदेत एकतीस वर्षं सभालिपिक असलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. सभा गुरुवारी होती आणि तिची सूचना तीन पूर्ण दिवस आधी लोकांच्या डोळ्यांसमोर असायला हवी होती.

"काळं कुत्रं तरी वाचतं का ती?"

"कुत्र्याला वाचता येत नाही गं. माणसांसाठीच लावतो."

तिला हसू आलं. तिने ते दाबलं. आठ महिने ती दाबतच आली होती.

आठ महिन्यांपूर्वी वाचनालय बंद करायच्या विषयावर ती त्याच सभागृहात नागरिक म्हणून बोलायला उभी राहिली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. तिचं मुख्य वाक्य अर्ध्यावर असताना बाबांनी घंटा वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचीच मुलगी आहे, बोलू द्या की." बाबांनी दुसऱ्यांदा वाजवली. लोक हसले. घरी ती म्हणाली, "एक मिनिट नव्हतं माझ्यासाठी?" ते बूट काढता काढता म्हणाले, "तुझ्यामागे अकराजण उभे होते." त्यानंतर दोघं भाजीबद्दल बोलत, लाइटबिलाबद्दल बोलत. घंटेबद्दल नाही.

"चहा ठेव. अर्ध्या तासात आलो," म्हणून ते गेले.

फोन वीस मिनिटांनी आला. ऑफिसचा पहारेकरी होता. "ताई, लगेच या. साहेब फलकाखाली बसलेत. उठतच नाहीयेत."

ते भिंतीला टेकून बसले होते. चष्मा जागेवर होता. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. डॉक्टर म्हणाले, मिनिटभरही लागलं नसेल. तिला रडू फुटेना. बाबांची मूठ तिने उघडली. आत एक टाचणी होती. वर फलकावर सूचनेचे तीन कोपरे पक्के होते, चौथा वाऱ्यावर फडफडत होता. तिने उठून तो टाचला. पहारेकरी तिच्याकडे बघतच राहिला. घरी आली तेव्हा चहाचं आधण आटून भांडं काळं पडलं होतं.

गुरुवारी ती सभेला गेली. कशी गेली, कोणत्या रस्त्याने, तिला आठवत नाही.

अध्यक्ष उभे राहिले. "प्रथम शोकप्रस्ताव..."

बाबांच्या हाताखाली शिकलेली लिपिक उठली. "अध्यक्ष महोदय, विषयपत्रिकेत हा विषय नाही. साहेबांनी... साहेबांनी घेऊ दिला नसता."

अध्यक्ष हळूच खाली बसले.

नागरिकांची वेळ आली. तिने भरलेली चिठ्ठी लिपिकेने वाचली आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं: आठ महिन्यांपूर्वीची घंटा.

ती माइकपाशी गेली. समोर बाबांची खुर्ची होती आणि टेबलावर ती पितळी घंटा. मागे रांगेत माणसं उभी होती. तिने वळून ती मोजली. नऊ.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."