चौसष्ट मेंढ्यांची नोंद

समिनाने सर्व्हरवरचा पाचवा कंटेनर आधी थांबवला, मग पुढचा हुकूम टाइप करून कायमचा काढून टाकला. काळ्या पडद्यावर त्याचं नाव एकदा उमटलं. ते वाचून तिचे हात कीबोर्डवरून बाजूला झाले.

ती सांभाळत असलेला केजच्या पशुपालक संस्थेचा सर्व्हर भरत आला होता. जुने, निकामी प्रोग्राम ज्या कंटेनरांत चालत, ते साफ करायचे होते. या पाचव्यात मात्र चालू प्रोग्राम होता: युसूफ वडगाव या गावच्या शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाचा. बाकी गावांची माहिती बाहेर, डिस्कवर वेगळी साठवलेली होती. या एकाची तिनेच पहिल्या चाचणीत कंटेनरच्या आत ठेवली होती आणि नंतर हलवायची राहून गेली. नुसता थांबवला असता तर पुन्हा सुरू करता आला असता. आता कंटेनरसोबत तीनशे बारा जनावरांची नोंद गेली होती.

तिने लगेच संस्थाप्रमुख बबिताबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. शेजारच्या गावात मेंढ्या मरायला लागल्या आहेत, तेव्हा आधी गहिनीनाथला गाठ, एवढंच म्हणाल्या.

युसूफ वडगावात लस टोचायचं काम गहिनीनाथकडे होतं. समिना पोचली तेव्हा तो लसीच्या डब्यात बर्फ भरत होता. तिने सगळं सांगितलं, चूक माझीच आहे म्हणाली. गहिनीनाथने डब्याचं झाकण लावलं.

"समदं गेलं?"

"सगळं. जुनी प्रत कुठं सापडते का, आमच्या ऑफिसातला रामेश्वर बघतोय."

तो डब्याच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "न्हाई सापडली तर बरं हुईल, आसं वाटलं बगा मला."

समिनाला कळेना. मग त्याने सांगितलं. पावसाळ्यात ओढा भरलेला होता, पलीकडे म्हाळू मेंढपाळाच्या चौसष्ट मेंढ्या. उद्या जाऊन टोचू म्हणून त्याने अलीकडूनच नोंद भरली. दुसऱ्या दिवशी बायकोला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यावं लागलं, आठ दिवस तिथेच गेले. परत आल्यावर मोबाइलवर सगळ्या मेंढ्यांपुढे बरोबरची खूण दिसत होती. ती पुसायची म्हणजे कुणाला तरी सांगणं आलं.

"लिवलं, पर टोचलं न्हाई," तो म्हणाला. "म्हाळू बिनघोर हाय. त्येला वाटतंय, टोचलंय."

समिनाचा फोन वाजला. रामेश्वर होता. मागच्याच आठवड्याची प्रत मिळाली होती, सगळी तीनशे बारा जनावरं त्यात होती. तिने तसं सांगितलं. गहिनीनाथने मान हलवली आणि डबा मोटारसायकलला बांधायला घेतला.

म्हाळूचा कळप माळावर होता. शेजारच्या गावातल्या साथीमुळे पुन्हा टोचायचं का, असं त्याने विचारलं. गहिनीनाथ म्हणाला, पुन्हा न्हाई, पहिल्यांदाच. म्हाळू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पहिली मेंढी धरून पुढे आणली.

चौसष्टावी सुटली तेव्हा उन्हं कलली होती. समिनाने रामेश्वरला कळवलं, की नोंद परत चढव, पण म्हाळूच्या कळपाची जुनी तारीख काढून आजची घाल. मग बबिताबाईंना फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती, तेवढ्यात गहिनीनाथने कापसाने हात पुसून पुढे केला.

"द्या हिकडं, ताई. बाईंना ह्ये मी सांगतो."