छापून न आलेली बातमी

गुरुवार, १५ नोव्हेंबर १९७९. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ओल्या फडक्यानं माझ्यावरची एकेचाळीस नावं पुसण्यात आली. पुसणाऱ्याचं नाव गणपतराव. मी ज्या भिंतीवर टांगलेला आहे, तिला लागून त्यांचं चहाचं हॉटेल आहे.

मित्रांनो, मी कोल्हापुरातल्या एका गल्लीच्या तोंडावरचा बातम्यांचा फळा. वय पंधरा वर्षं. तुमच्या शाळेतल्या फळ्यावरचं तुम्ही वहीत उतरवून घेता. माझ्यावरचं कुणी उतरवून घेत नाही. माणसं सायकलीवरून एक पाय जमिनीला टेकवून वाचतात, वाद घालतात आणि कामाला जातात.

१९६४ साली उद्यमनगरातल्या एका कारखान्यात यंत्र आलं. त्याच्या खोक्याच्या देवदारी फळ्या मीरासाब पेंटरनं मागून आणल्या. मीरासाब दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्यानं फळ्या जोडल्या, फटी बुजवायला लांबी म्हणजे पुट्टी भरली आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. तेव्हापासून तो रोज रेडिओवर सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या ऐकतो, हॉटेलातला पेपर चाळतो आणि सात वीसला खडू हातात घेतो. वर सहा ओळी देशाच्या आणि राज्याच्या. खाली दोन ओळी गल्लीच्या: नळाला पाणी किती वाजता, कुठला खांब विझला, कुणाची म्हैस सुटली.

कोयनेचा भूकंप झाला त्या सकाळी माझ्यासमोर दोनशे माणसं उभी होती. १९७१ ची लढाई संपल्याचं मीरासाबनं लिहिलं तेव्हा लोकांनी माझ्या चौकटीला हार घातला. चांगले दिवस होते. पुढं माझ्यावर सिनेमाची पोस्टरं चिकटली, पानाच्या पिचकाऱ्याही पडल्या. त्याची तक्रार मी करणार नाही. माझा राग वेगळा आहे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. तिसऱ्या दिवशी एक हवालदार चहाला थांबला. त्यानं मला वाचलं आणि बशी खाली ठेवली. "पेंटर, रेडिओ सांगतोय त्येवढंच लिवायचं. आपल्या मनाचं न्हाय," तो म्हणाला. नोटीस नाही, कागद नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या दोन ओळी बंद झाल्या.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. हवालदार तर त्याआधीच बदलून गेला होता. दोन ओळी मात्र परत आल्या नाहीत. कुणी विचारलं की मीरासाब सांगायचा, "छापून आलेलं न्हाय तर रेडिओवर आलेलं, त्येवढंच. फळ्याची शिस्त हाय." मित्रांनो, ती शिस्त नव्हती, भीती होती. दोन वर्षांत तिला शिस्त म्हणायची सवय लागली, आणि वाचणाऱ्यांनाही त्यात काही खटकलं नाही.

१९७९ च्या पावसाळ्यात दिल्लीत एक सरकार पडलं, दुसरं आलं, तेही गेलं. लोकसभा बरखास्त झाली. माझ्यासमोर रोज भांडणं. कुणाकडं किती खासदार, कोण कुणाला फोडणार, सगळं तोंडपाठ. आणि चारशे पावलांवरच्या शाळेत मतदार यादी लावली होती, ती बघायला यातला एकही माणूस गेला नाही.

शेवंताबाई गेली. ती गुळाच्या बाजारात ढेपा उचलायचं काम करते. बौद्धांच्या दहा-बारा घरांत तिचं एक घर, पलीकडं मीरासाबच्या जमातीची तेवढीच. १९५७ पासून तिनं एकही मत चुकवलेलं नाही. यादी लागली की ती जाते आणि एकेक अक्षर लावत आपलं नाव वाचून येते. शुक्रवारी, ९ नोव्हेंबरला, ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पेंटर, लिव. आमच्या घरांची नावं काटल्यात. म्होरं लिवलंय, स्थलांतरित."

"कुणी सांगितलं, मावशी?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? माझं डोळं काय भाड्यानं आनल्यात?"

"पेपरात आलंय?"

"न्हाय."

"मग न्हाय लिवत. छापून येऊ दे."

"मी मेलेलं बी पेपरात आलं तरच मेली म्हनशील व्हय रं?"

हॉटेलातली माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुझ्या एका मतानं दिल्ली हालतीया व्हय?" ती पाटी उचलून कामाला गेली. त्या दिवशी माझ्यावर सहा ओळी होत्या, सहाही दिल्लीच्या.

पाच दिवस असेच गेले. बालदिनासाठी मीरासाबनं शाळेचं फाटक रंगवलं होतं. बुधवारी संध्याकाळी तो उरलेले डबे आणायला गेला, तेव्हा यादी समोरच होती. त्यानं बोट लावून पाहिलं. शेवंताबाईच्या नावावर काट होती. पुढच्या पानावर अमीरबीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या नावावर काट. तिच्या वरच्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव, त्यावरही काट. पंधरा वर्षं प्रत्येक सरकारची बातमी लिहिणारा माणूस सरकारी कागदावर गल्ली सोडून गेला होता.

कारण त्याला तिथल्या शिपायानं सांगितलं. नावं तपासणारे सकाळी अकराला आले. त्या वेळी पुरुष फौंड्रीत, बायका बाजारात, दाराला कुलूप. कुलूप म्हणजे स्थलांतरित. शेजाऱ्याला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. हरकत घ्यायची मुदत होती शुक्रवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच.

गुरुवारी सात वीसला मीरासाबनं दिल्लीची एकही ओळ लिहिली नाही. वर मुदत लिहिली आणि खाली एकेचाळीस नावं. वीस मिनिटांत गणपतराव फडकं घेऊन आले.

"पेंटर, बातम्यांचा फळा हाय ह्यो. यादीवालं साहेब माझ्याकडं चहाला येत्यात. त्यास्नी शिव्या द्यायला माझी भिंत न्हाय."

गणपतरावांचं स्वतःचं नाव मतदार यादीत शाबूत होतं.

मीरासाब खडू धरून नुसता उभा राहिला. मला वाटलं, हवालदाराच्या वेळी वळला तसाच आताही वळून जाईल. तेवढ्यात बाजाराकडं निघालेली शेवंताबाई थांबली. तिनं माझ्यावरचे पाण्याचे ओघळ पाहिले.

"दुकानदारांस्नी धा वरसं टिकल असा रंग देतोस. आमाला खडू व्हय?"

मीरासाब घरी गेला. पांढऱ्या तेलरंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. आठ दहा ते नऊ पंचवीस तो लिहीत होता. फौंड्रीला निघालेला केरबा रोजच्यासारखा एक पाय टेकवून वाचत होता. एकोणिसाव्या नावाशी तो सायकलीवरून उतरला.

"आयला, मी बी गेलो व्हय? कुठं गेलो म्हनायचं?"

या वेळी कुणी हसलं नाही. गणपतराव फळा काढून फेकतो म्हणाले. केरबानं सायकल भिंतीला लावली. "काढा की मालक. आमी हातात धरून हुबारतो. तुमच्याच दारात." गणपतराव आत गेले.

शुक्रवारी पाचपर्यंत तेहतीस जणांचे अर्ज पोचले. आठ जणांना कामावरून सुट्टी मिळाली नाही; एका दिवसाच्या सांगण्यावर ती मिळत नाही. नऊ तारखेला माझ्यावर एक ओळ पडली असती तर त्यांच्या हातात सात दिवस असते. हा हिशेब मीरासाबनंच परवा केरबाला सांगितला. सांगताना त्यानं मान वर केली नाही. त्याला मी माफ केलेलं नाही. हसणाऱ्यांनाही नाही.

मित्रांनो, मला सावलीत ठेवा, रंग द्या, असं मी मागत नाही. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा, की यादी कोणत्या शाळेत लागते आणि ती तुम्ही शेवटची कधी पाहिली. उत्तर दिल्लीचं आलं तर पुन्हा विचारा.

पुरवणी यादीत एकवीस नावं परत आली, मीरासाबचं आणि अमीरबीचं धरून. त्या एकवीस नावांवर त्यानं काळा हात फिरवला. वीस नावं तशीच आहेत. त्यांतली आठ मुदतीबाहेरची. उरलेले बारा अर्ज मंजूर नाहीत आणि नामंजूरही नाहीत. शेवंताबाईचा अर्ज त्या बारांत आहे. काल ती कामाचा दिवस मोडून पाचव्यांदा ऑफिसात गेली. "चौकशी चालू आहे," असं तिला सांगण्यात आलं. कसली चौकशी, कोण करतंय, ते सांगितलं नाही.

आज शुक्रवार, २८ डिसेंबर. मतदान पुढच्या आठवड्यात आहे. सकाळी सात वीसला मीरासाबनं माझ्यावर उरलेल्या जागेत पाच ओळी लिहिल्या. पाचवी अशी: शेवंताबाईंच्या अर्जावर अजून निर्णय नाही.