इथे म्हणजे कुठे?

धाकटा वेबसाइट बनवायचा आणि त्याची ताई त्या ऐकून तपासायची. ताईला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचा कॉम्प्युटर पानावरच्या लिंका तिला एकेक करून वाचून दाखवायचा. लहानपणी जिना उतरताना धाकटा "इथे पायरी आहे" म्हणाला, की ती त्याचा कान पिळून विचारायची, "इथे म्हणजे कुठे रे शहाण्या? नीट सांग!" लिंकेला नीट नाव द्यायचं, हे त्याला त्या पिळलेल्या कानानेच शिकवलं होतं.

आणि तोच विसरला! शिक्षकभरतीचं पान त्याने घाईघाईत उरकलं. सगळी माहिती चित्रात, शेजारी अकरा लिंका, अकराही 'इथे क्लिक करा'. चित्र ताईचा कॉम्प्युटर वाचत नाही, हे याला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. पण तिला ऐकवायला वेळ कुणाला होता!

महिन्याभराने ताई जेवता जेवता थांबली. "माझा अर्ज वाया गेला रे," ती म्हणाली. संगीत शिक्षिकेची जागा होती, आणि वयाच्या अटीत ती यंदाच शेवटची बसत होती. नोकरी लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, म्हणून तिने एकटीनेच चाचपडत अर्ज भरला होता. "पोच घ्यायला गेले, तर अकरा वेळा नुसतं 'इथे क्लिक करा'. एक दाबली, ती नेमकी रद्द करायची निघाली. पुन्हा भरता येत नाही म्हणे." मग उसनं हसून म्हणाली, "ज्याने केलंय ना, त्याच्या घरी माझ्यासारखं कुणी नसणार. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?"

धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो भरतीवाल्यांच्या हातापाया पडला. रद्द म्हणजे रद्द, ते म्हणाले. मग त्याने सगळ्या लिंका बदलल्या, चित्रातला मजकूर पानावर घेतला आणि संध्याकाळी ताईला म्हणाला, "जरा ऐकतेस?"

कॉम्प्युटर बोलू लागला. "अर्ज भरा. अर्जाची पोच घ्या. अर्ज रद्द करा."

"अगंबाई, किती स्वच्छ! हे कुणी..." ताईची बोटं थांबली. "तू केलंस?"

"हो."

"मग आधीचं?"

"चुकलो गं ताई."

तिचा हात सवयीने त्याच्या कानाकडे आला. त्याने मुकाट्याने कान पुढे केला. पण तिने तो पिळला नाही. हात मागे घेऊन ती उठली आणि जिन्याकडे निघाली.

"ताई थांब, इथे पायरी..."

"कुठे आहे ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि कठडा धरून एकटीच खाली उतरली.