चित्र हलत नाही

पायरी १. यंत्र बंद करा. दहा अंक मोजा. पुन्हा सुरू करा.

केलं. कालपासून एकवीस वेळा केलं. दहाऐवजी शंभरसुद्धा मोजून पाहिले.

हा कागद सुनील सरांचा. महाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी कोर्स त्यांच्याकडेच केला. वर ठळक अक्षरांत ‘नेट हळू चालत असल्यास’, खाली अकरा पायऱ्या, आणि शेवटची अशी: तरीही न सुटल्यास पायरी १ पासून पुन्हा.

हा कागद ज्याने लिहिला त्याला कसलीच घाई नसणार.

मला उद्यापर्यंत वेळ आहे. उद्या बुधवार. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, एवढा एक तास. त्या तासात माझ्या लॅपटॉपवर माझे बाबा हलताना दिसले नाहीत, तर माझा भाऊ राजूदादा गुरुवारी पहाटे मस्कतकडच्या त्याच्या कामगार कॅम्पातून पळून जाणार आहे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. पळालेल्याची तिथे तक्रार होते, मग पकडतात, मग तो कुठे आहे हे महिनोन्‌महिने कुणी सांगत नाही. शेजारच्या कोंडावरच्या, म्हणजे पलीकडच्या वाडीतल्या, एकाचं असंच झालं.

दादा पळणार आहे कारण त्याला वाटतं, बाबा गेले आणि आम्ही लपवतोय.

पायरी ६. भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी मध्ये आहे का पाहा.

आधी पायरी २ लिहायला हवी होती. ती लिहायची माझ्यात हिंमत नाही. येईन तिच्याकडे.

भिंत आहे. मी पोलादपुरात एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवते आणि क्लासच्याच मागच्या खोलीत राहते. नेटचा डबा क्लासमध्ये, आम्ही खोलीत. काल कपाट ओढलं, पाण्याचं पिंप बाहेर काढलं. आज संध्याकाळी मात्र भिंतच नको म्हणून बाबांना खुर्चीसकट उचलून क्लासमध्ये नेलं, अगदी डब्याच्या खाली. टायपिंगच्या मुली कंदिलाच्या उजेडात उभ्या राहून बघत होत्या. आयेने पदराने बाबांची लाळ पुसली आणि मुलींना म्हणाली, बसा गो, तुमचं चालू द्या.

डब्यापासून दोन हात. चित्र एकदा आलं आणि गोठलं. दादाकडे बाबांचा अर्धा मिटलेला डोळा सतरा मिनिटं तसाच राहिला.

आवाज तर येतच नाही, म्हणून दादा मोबाइलवर बोलतो आणि कंप्युटरवर बघतो. मोबाइलवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “संजे, फोटो दाखवतेस मला?”

पायरी ३. दुसऱ्या मार्गाने संपर्क करून पाहा.

फोन आहे. पण फोनवर बोलायला तोंड लागतं. जानेवारीच्या शेवटी बाबा गोठ्यात बैल बांधताना खाली बसले ते उठले नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महाडच्या दवाखान्यात दहा दिवस काढले, मग त्यांना माझ्याकडे आणलं. आमचा कोंड आंबेनळी घाटाच्या अंगाला, गाडीरस्त्यापासून तासभर चढ. डोलीतून किती वेळा वर-खाली करणार? डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येईल, जवळ राहा. आता बाबांचा डावा हात हलतो, डोळे हलतात, बाकी माझा बाप, मोरू नावाचा माणूस, गप्प आहे.

मी दादाला सांगितलं की बाबा बोलू शकत नाहीत. तो म्हणाला, आजीच्या वेळीसुद्धा आजी झोपली हाय म्हणून सांगत होतात.

ते खरं आहे. दादाच्या पहिल्या खेपेला आजी, प्रयागबाई, गेली. बाहेरदेशी असलेल्या माणसाला मयताची खबर द्यायची नाही, तो मधेच काम टाकून येतो, ही आमच्याकडची रीत. तीन महिने दर रविवारी दादाचा फोन यायचा आणि तीन महिने बाबाच त्याला सांगायचे, झोपली हाय रे, उठवू नको. स्वतः बाबाच.

आजच्या पेपरसह बाबांचा फोटो काढून मेल केला. दादा म्हणाला, तुला कंप्युटर येतो ना, चिकटवला असशील.

पायरी ४. लागू नाही.

पायरी ५. लागू नाही.

पायरी २. अलीकडे यंत्रात काही बदल केला आहे का, ते आठवा.

हो.

जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून नवी टाकली. बाबा पडायच्या चार दिवस आधी. जुनी बरी चालत होती. डिसेंबरात याच लॅपटॉपवरून, याच डब्यावरून, संध्याकाळी याच वेळी, आयेने कोंडावरून दाखवायला आणलेल्या नव्या करडाला खोलीत उड्या मारताना दादाने पाहिलं होतं. पण क्लासमध्ये एका मुलीने विचारलं, मॅडम, तुमच्याकडे अजून जुनीच? मला ते लागलं. सरांकडे जाऊन नवी टाकून आणली. काचेसारख्या पट्ट्या, झिरपणारे रंग. त्या मुलीला मुद्दाम बोलावून दाखवलं.

आयेला हे सांगितलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की यंत्र बिघडलं.

पायरी ८. तज्ज्ञाला दाखवा.

बुधवार सकाळ. पहिल्या एसटीने महाड. लॅपटॉप मांडीवर, दप्तरात, त्यावर दोन्ही हात.

सरांनी दुकान नुकतंच उघडलं होतं. दे इकडे, म्हणाले, आधी चार्जर लावतो, तुझी बॅटरी कशाला संपवू. मग पुण्याच्या त्यांच्या मेव्हण्याला लावलं. मेव्हणा दाढी करत होता. प्रत्येक फटकारा दिसत होता. फेस दिसत होता. मेव्हण्याने आम्हाला वस्तरा हलवून दाखवला. मला रडू आलं.

“यात काही दोष नाही,” सर म्हणाले. “दोष पोलादपुरात आहे.”

जुनी परत टाका म्हटलं. ते म्हणाले, तुझ्या मॉडेलला लागणारं सामान माझ्याकडे नाही, मुंबईहून मागवतो, आठ दिवस. मग म्हणाले, संध्याकाळी सगळे एकदम नेट वापरतात, तू दुपारी का नाही लावत?

दुपारी चांगलं चालतं, हे मलाही माहीत आहे. काल दुपारी माझ्या मैत्रिणीला लावलं होतं, सुरळीत. पण दुपारी दादा पाइपलाइनच्या खड्ड्यात असतो. त्यांची गाडी पाच वाजता गावात, नेट कॅफेपाशी, सोडते आणि सहाला उचलते. त्यांचे पाच म्हणजे आमचे साडेसहा.

एसटीत बसल्यावर मी खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. सावित्रीचं पाणी खाली गेलेलं, दगड उघडे. मनात फक्त एकच: दुपारी चालतं, महाडला चालतं, संध्याकाळी आमच्याकडे चालत नाही. दुपारी चालतं. महाडला चालतं.

पायरी ७.

(कागद इथे घडीवर फाटला आहे.)

पायरी नाही. आयेचं काम.

मी महाडला असताना आयेने बाबांना तयार केलं. दाढी केली, कोरा सदरा घातला. आणि शिकवलं.

आमच्या कोंडावर हाक पोचत नाही तिथे हात पोचतो. समोरच्या उतारावर गुरं घेऊन गेलेल्या पोराला अंगणातून खूण करायची. हात वर करून स्वतःकडे दोनदा गोल फिरवला: गुरं वळव, घरी ये. तळहात पुढे ढकलला: तिथंच थांब. पोराने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले, म्हणजे पाहिलं. दादा सहा वर्षांचा असल्यापासून बाबांच्या हाताकडे बघत वाढला.

“हात असा पुढं करा,” आये त्यांच्यासमोर बसून सांगत होती. “थांब म्हणून. राजूला सांगायचं, तिथंच थांब. पळू नको.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग डावा तळहात उचलला आणि पुढे ढकलला. आयेने तो हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाली, बघ, समजतंय त्यांना. पाच वेळा करून घेतलं. पाचही वेळा बरोबर.

पायरी ९. वेळ नोंदवा. दोष कधी येतो, कधी जातो, ते लिहून ठेवा.

६.०० लाइट गेली. रोजच्यासारखी, साडेआठपर्यंत जाणार. क्लासच्या इन्व्हर्टरला एकच पिन आहे, त्यात नेटचा डबा. तो चालू. बाबा खोलीत, कंदील खुर्चीशेजारी.

६.०५ लॅपटॉप बॅटरीवर. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र असतं, त्यावर दाबून ‘कमी वीज’ निवडलं. लाइट गेली की माझा हात आपोआप तिथे जातो. आम्ही कंदिलाची वात बारीक करतो, टॉर्च मधून मधून लावतो. जुन्या सिस्टीमवरही हेच करायचे. पडदा जरा अंधारायचा आणि बॅटरी तासभर जास्त टिकायची.

६.३४ दादा आला. चित्र. गोठलं.

६.४० तसंच. बंद करून पुन्हा.

६.५२ बॅटरी जेमतेम पाव उरलेली. दुकानात भरली तेवढी परतीच्या एसटीत दप्तरात चालूच राहून उतरली, आणि घरी भरायची राहून गेली. दादा फोनवर म्हणाला, ट्रकवाल्याशी बोलून ठेवलंय, चारला निघतोय. मी म्हटलं, दादा, शपथ घेते. तो म्हणाला, आजीच्या वेळी बाबांनी पण घेतली होती.

७.०३ आयेने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि ओरडली नाही, फक्त म्हणाली, “राजू, मी तुला खोटं सांगत नाय रे.”

७.०९ लाइट आली.

पंखा फिरला, चार्जरचा हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर दादा हलला. डोळे चोळले त्याने. मागे कुणीतरी चहा घेऊन गेलं. दादा पुढे वाकला, “संजे, बाबांची मान…” आणि लाइट गेली. दादाचं तोंड उघडं राहिलं. गोठलं.

आठ-दहा सेकंद. त्याहून जास्त नाही.

७.१० मी पंख्याकडे बघत होते. तो अजून थोडा फिरत होता. डबा इन्व्हर्टरवर, तो मघाशीही चालू होता, आताही चालू आहे. नेट तेच. गावातली गर्दी तीच. भिंत तीच. बदललं काय? फक्त माझा लॅपटॉप. मघाशी तो विजेवर होता, आता बॅटरीवर आहे.

दुपारी विजेवर. महाडला विजेवर, आधी चार्जर लावतो, तुझी बॅटरी कशाला संपवू.

कोपऱ्यातलं चित्र उघडलं. ‘कमी वीज’ची आतली यादी मी एकदाही वाचली नव्हती. पडदा. आवाज. झोप. आणि खाली, वायरलेस कार्ड, बॅटरीवर असताना: जास्तीत जास्त बचत. नवी सिस्टीम फक्त पडदा अंधारत नव्हती. मी वीज वाचव म्हटलं की ती बाहेर बघणारा डोळाच अर्धा मिटत होती. रोज संध्याकाळी, सहा वाजून पाच मिनिटांनी, माझ्या बोटाने.

७.१२ ‘पूर्ण क्षमता’ निवडलं. पडदा लख्ख झाला. बॅटरी अकरा मिनिटं.

७.१३ दादा हलला.

पायरी १०. सुटल्यास चाचणी करून खात्री करा.

दादा पडद्याला नाक लावल्यासारखा जवळ आला. बाबांच्या पापण्या लवल्या. दादाने ते पाहिलं. तो पुन्हा लवायची वाट बघत बसला आणि त्या लवल्या तेव्हा त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

आयेने बाबांच्या डाव्या कोपराला हलकेच धक्का दिला. पुढं करा, म्हणाली.

बाबांचा हात उठला. वर गेला, कानापर्यंत. तिथे थांबला. मग तो स्वतःकडे वळला. गोल. एकदा. मग दुसऱ्यांदा.

“तसं नव्हं,” आये कुजबुजली. “तसं नव्हं, ओ.”

तिने हात धरून पुढे ढकलला. बाबांनी तो सोडवून घेतला. अर्ध्या अंगाच्या माणसात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. पुन्हा वर. पुन्हा गोल, दोनदा.

पडद्यावर दादा उभा राहिला. खुर्ची मागे पडली असावी. त्याच्या शर्टाची बटणं दिसत होती, तोंड वर कापलं गेलं होतं. मग दोन्ही हात वर गेले. कोपरं दिसली, हात पडद्याबाहेर.

पाहिलं.

७.२३ बॅटरी संपली.

पायरी ११.

मोबाइल वाजला. दादा म्हणाला, “पळत नाय. मालकाकडं रीतसर रजा मागतो.” मी विचारलं, कधी मिळेल? मागच्याला दोन महिने लागले, म्हणाला. आयेने मोबाइल घेतला, कानाला लावला आणि मला परत दिला. डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हा दोघींनाही पाठ होतं. दादाला मी ते सांगितलं नाही. बाबा कसे आहेत असं त्याने विचारलं तर मी म्हटलं, बरे आहेत, झोपायला आले.

बाबा झोपायला आले नव्हते. काळ्या पडद्यासमोर हात फिरवत होते. आयेने हात खाली आणून मांडीवर ठेवला. तो पुन्हा वर गेला. तिने पुन्हा आणला. मग तिने नाद सोडला आणि चूल पेटवायला गेली.

साडेआठला लाइट आली. चार्जर लावलेलाच होता. मी बटण दाबलं, लॅपटॉप होता तिथून उठला, कॅमेऱ्याची खिडकी उघडली आणि बाबांचंच चित्र समोर आलं. लख्ख, जराही न अडखळणारं. पडद्यातला म्हातारा हात वर करून बोलावत होता: गुरं वळव, घरी ये.

बाबांचा हात थांबला. कुणीतरी समोरच्या उतारावरून बोलावतंय, असं त्यांना वाटलं असावं. डावा हात त्यांनी सरळ डोक्यावर उंच धरला. उजवा मांडीवरच पडून राहिला. ते त्याच्याकडे बघत होते, उठत का नाही म्हणून.

आये चुलीपासून उठून आली. मागे उभी राहिली आणि तो दुसरा हात धरून तिने वर केला.