ओढला की हलका होणारा कमठा

नियम असा.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गाव माळावर जातं. दुर्गव्वा देवीच्या नावानं एकच तीर सुटतो. तो काळविटाला लागला, तर पाडव्यापर्यंत पारध खुली. ज्याच्या हातात जे असेल त्यानं त्यानं मारावं. तीर चुकला, तर साल सुटलं. म्हणजे पुढच्या शिमग्यापर्यंत सशावरसुद्धा कुणी दगड उचलायचा नाही.

तीर मारायचा मान तिप्पण्णाच्या घराचा. लागोपाठ तिसऱ्या साली चुकला, तर तो मान रावजीच्या घरी जातो.

तिप्पण्णा दोन सालं चुकला होता.

नियमाला एक शेपूटही आहे. कमठा, म्हणजे धनुष्य, ओढल्यापासून तीर सुटेपर्यंत लांबवर हलगी वाजत राहते; काळवीट कान टवकारून तिकडे बघत उभं राहतं. हलगी आधी थांबली, तरी साल सुटलं. पण हे शेपूट कधी कुणाच्या कामाला आलं नव्हतं. ओढलेला कमठा हलगीपेक्षा जास्त वेळ धरील असा हात अक्कलकोटच्या वाटेवरच्या त्या गावात जन्मलाच नव्हता. दोन श्वास, फार तर तीन. मग दंड थरथरतो.

ती थरथर म्हातारपणाची, असं गावात कुणी म्हणत नाही. दुर्गव्वा मनगट धरते, असं म्हणतात. तिला साल सोडायचं असलं की ती धरते.

*

चौऱ्याहत्तरचा शिमगा. दुष्काळानंतर माळावर पहिल्यांदाच गुडघाभर गवत वाळलेलं. चावडीवर सरकारी कागद चिकटवलेला: काळवीट मारणं गुन्हा.

"कागद सोलापूरचा," रावजी म्हणाला. "माळ हितला." त्याच्या घरी बापाची बंदूक होती. मान आला की पहिला बार तिचा, हे तो आत्तापासून सांगत फिरत होता.

"सरकारला आत्ता कळलं व्हय, जनावर संपतं म्हणून?" गोजरबाई म्हणाली. ही दुर्गव्वाची पुजारीण. देवीचं काही विचारायचं तर हिलाच.

*

तिप्पण्णाचा जावई भीमाशंकर हा त्याच्या बहिणीचाच मुलगा. सोलापुरात पावरलूमवर फिटर. रद्दीतल्या एका परदेशी मासिकात त्यानं एक चित्र पाहिलं होतं: कमठ्याच्या दोन्ही टोकांना चाकं. चित्राखालचं त्याला वाचता आलं नाही. चाकं मात्र वाचता आली.

होळीच्या आदल्या दिवशी तो पोत्यात गुंडाळून ते घेऊन आला.

"मामा, ओढा."

"ह्यो काय मागाचा तुकडा उचलून आणलास रं?"

"मागाचाच हाय. पाती जीपच्या पाट्याची, तार सायकलच्या बिरेकची. आन् चाकं बघा. भोक मदी न्हाय, कडंला हाय."

"म्हंजे बिघडलेली चाकं."

"मुद्दाम बिघडवलेली."

तिप्पण्णाची लेक जगदेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "अप्पा, लगीन झाल्यापासनं माझ्याकडं बघितलं नसंल एवढं ह्येंनी त्या चाकाकडं बघितलंया."

तिप्पण्णानं ओढला. जड. जुन्यापेक्षा जड. आणखी जड. दात आवळले. आणि मग

काहीच नाही.

"तुटला!" तो ओरडला आणि त्यानं कमठा अंगणात भिरकावला. कोंबड्या उडाल्या. जगदेवीनं पीठभरले हात कानांवर ठेवले.

तुटला नव्हता.

पुन्हा ओढला. जड, जड, जड, आणि वजन गेलं. तार गालाशी, हात मागे, आणि बोटांवर जेमतेम भरल्या तांब्याएवढा भार. विहिरीतून बादली ओढावी, ती काठाशी यावी, आणि तिच्यातलं पाणी तसंच राहून ओझं तेवढं नाहीसं व्हावं, तसं.

"वजन कुटं गेलं?"

"चाकात."

"चाकात कुटं?"

भीमाशंकर समजावून सांगू लागला. तिप्पण्णानं मान हलवून त्याला गप्प केलं. त्याला उत्तर नको होतं. तो बघत होता स्वतःच्या दंडाकडे. दंड थरथरत नव्हता. जगदेवीची एक भाकरी भाजून झाली, दुसरी तव्यावर पडली. दंड तसाच.

"भीमा," तो हळू म्हणाला, "मग दुर्गव्वा धरंल कुटं?"

गोजरबाईला विचारलं. ती चाकं फिरवून बघत बसली आणि म्हणाली, "कमठा त्यो कमठा. चाकं काय, आईच्या रथाला बी हायत की."

रावजी हसला. "पुढल्या साली त्याला हँडल बी लावा, तिप्पण्णा. सायकलवर बसूनच मारा."

*

माळ. सकाळचं ऊन. तरवडाच्या झुडपाआड तिप्पण्णा गुडघ्यावर. मागे ओहोळात बसलेलं गाव. पलीकडच्या उंचवट्यावर धोंडीराम, गळ्यात हलगी.

काळवीट आलं. एकटा नर.

तिप्पण्णानं ओढला. हलगी सुरू झाली.

जड.

जड.

आणि

आणि आता घाई नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा घाई नव्हती, कारण आजवर जनावर म्हणजे तीराच्या टोकापुढचा एक काळा डाग, एक श्वासभर दिसलेला आणि मग पडलेला किंवा पळालेला, आणि हा डाग तर आता उघडत चालला होता, हलगी वाजत होती, शिंगांना पीळ होता आणि प्रत्येक पिळाला कडी होती, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, चुन्यानं आखल्यासारखं, पाठीवरचा काळा रंग मुळी काळा नव्हताच, त्यात तपकिरी होता, होळीच्या राखेसारखा एक करडाही होता, हलगी वाजत होती, नाकपुडी ओली होती आणि तिच्यापुढचं गवताचं एक पातं श्वासागणिक हलत होतं, आत, बाहेर, एवढं मोठं जनावर आणि एवढुसं पातं, बोटं सोडायची तेवढं काम होतं, ह्या कमठ्यानं चुकणार नव्हतं, मान घरात राहणार होता, रावजीच्या बंदुकीला पहिला बार मिळणार नव्हता, आणि पाडव्यापर्यंत माळ जनावरांवाचून मोकळा होणार होता, हलगी वाजत होती, तेवढ्यात काळविटाच्या खांद्यावर एक माशी बसली आणि तिथली कातडी थरथरली,

थरथरली,

तिप्पण्णाला ती थरथर ओळखीची होती, इतकी वर्षं ती त्याच्या दंडात यायची, आज ती तिकडे गेली होती, आणि त्याचे ओठ हलले, आई, तू हितं हायस व्हय,

आणि हलगी

*

थांबली.

काळविटानं मान वळवली. त्यानं तिप्पण्णाकडे पाहिलं, खरोखर पाहिलं, मग चारी पाय एकदम जमिनीवरून उचलले. उडी. पुन्हा उडी. गवत मिटलं.

तिप्पण्णानं कमठा हळूहळू सैल सोडला. अर्ध्यावर चाकं फिरली आणि गेलेलं सगळं वजन एकदम परत आलं; तो पुढे तोंडावर पडता पडता राहिला. तीर अजून तारेतच होता.

रावजी ओहोळातून धावत वर आला. "चुकला! तिसरं साल!"

"तीर सुटलाच न्हाय, तर चुकंल कसा?" भीमाशंकर म्हणाला.

"भ्याला त्यो! कायद्याला भ्याला!"

उंचवट्यावरून धोंडीराम उतरत आला. दोन्ही हात पोटाशी धरलेले, बोटं सुजलेली. "माझा गुन्हा हाय," तो म्हणाला. "हात चालंनात. माझ्या आज्यानंबी एवढी लांब वाजवली नसंल. तिप्पण्णा, झोपला हुतास का काय तितं?"

तिप्पण्णा गवताकडे बघत होता.

सगळे गोजरबाईकडे वळले. तिनं आधी कमठा बघितला, मग तारेतला तीर, मग धोंडीरामाची बोटं. नियमाचं शेपूट तिला आठवायला जरा वेळ लागला.

"हलगी थांबली," ती म्हणाली. "साल सुटलं."

"आन् मान?" रावजी.

"तीर चुकला तर मान जातो. ह्यो चुकला न्हाय. धरलं त्ये हलगीला, आईनं. हाताला न्हाय धरता आलं, तर हलगीला धरलं." तिनं पदर सावरला. "मान हाय तितंच हाय. चला, घरला निवद हाय."

रावजी बराच वेळ तोंडातल्या तोंडात बोलत राहिला. मग तोही गावामागून चालू लागला, कारण पुरणपोळी त्याच्याही घरी होती.

मागे तिघे उरले. भीमाशंकर कमठा पोत्यात गुंडाळू लागला. "मामा, कुटं चुकलं का माझं? जरा जड ठिवायला पायजे हुता का?"

"न्हाय," तिप्पण्णा म्हणाला. "आनखी हलका व्हईल का, बघ."

धोंडीराम बोटांवर फुंकर घालत होता. "पुढल्या शिमग्याला मी कुटवर वाजवू, त्येवढं आत्ताच सांग बाबा."

तिप्पण्णानं त्याचे सुजलेले हात आपल्या हातांत घेतले आणि पहिल्यांदाच हसला.

"तू दमस्तोवर," तो म्हणाला.