माझं शिंग माझ्याच कपाळावर

मी शिंगवाला नाग बोलतोय. मला वारूळ नाही, विष नाही. लांबच्या कुठल्या तरी देशात कोणीतरी हिरव्या ठिपक्यांतून मला बनवलं, कपाळावर सोनेरी शिंग लावलं आणि व्हिडिओ गेमच्या एका पिवळ्या कॅसेटमध्ये घातलं. जन्म देतानाच त्याने माझं मरणही ठरवलं. खेळणाऱ्याने मला कापायचं, शिंग कढईत उकळायचं आणि तो काढा आपल्या वीराला पाजायचा. मग शेवटच्या राक्षसाचे घाव त्याला निम्मेच लागतात.

माझी कॅसेट चाळीसगावला, स्टेशनजवळच्या रतिलालभाऊंच्या गेमच्या दुकानात आली. पोरं कॅसेटला फुंकर मारायची, टीव्ही लावायची आणि मला कापायची. कोणी कापताना शिट्टी वाजवायचं. गेम नव्याने लावला की मी पुन्हा दगडावर उभा. पळायला मला शिकवलेलंच नव्हतं. शिकवलं असतं तरी पळालो नसतो. फणा काढून चाकूकडे बघत राहायचो.

सगळ्यांत जास्त कापलं अभिमनने. तो मोटार रिवाइंडिंगचं काम करायचा, जेवणाच्या सुट्टीत यायचा. राक्षस मारायचाच, असा त्याने हट्ट धरला होता. पण काढा प्याला की तो बेफिकीर घुसायचा आणि मरायचा.

एका नागपंचमीला त्याने माझ्यावर चाकू उगारला, तेवढ्यात रतिलालभाऊंची आई, भिकुबाई, पुरणाच्या दिंडांची ताटली घेऊन दुकानात आली. टीव्हीकडे बघून ती थबकली.

"काय रे अभिमन, आज पंचमी शे ना? आज आम्ही भाजी चिरतस नही, तवा ठेवतस नही. आनि तू नागोबाले कापस?"

"अक्का, हाऊ टीव्हीमातला शे. खोटा शे."

"खोटा शे, तर मंग तुले घाम काबर फुटना?"

पोरं हसली. अभिमनने कपाळावरून हात फिरवला. हात खरंच ओला झाला. गेमच्या रिमोटच्या बटणावरचा त्याचा अंगठा उचलला गेला. काढा न घेताच तो पुढे गेला आणि लगेच मेला.

"नागोबाना भक्त," रतिलालभाऊ म्हणाले. "खाय आते दिंडं."

तेव्हापासून अभिमनने मला कापलं नाही. बाकीचे कापतच होते. तो मात्र काढ्याशिवाय जायचा, मरायचा, राक्षसाचा हात कुठून येतो ते बघून ठेवायचा. पोळा झाला आणि एका दुपारी राक्षस पडला. माझं शिंग तेव्हा माझ्याच कपाळावर होतं.

आता ते दुकान नाही. रतिलालभाऊंच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात मी पडून आहे. तुझ्या हाती लागलो तर खुशाल फुंकर मार. चाकू घेऊन ये. मी दगडावरच असेन, फणा काढून. मला खोटा म्हणायचं असेल तर म्हण. फक्त आधी स्वतःच्या कपाळावरून एकदा हात फिरव.